विश्लेषण : तीन पत्तीत सिक्वेन्स मोठी, मग व्हिडिओ पोकरमध्ये कलर का? आणि शेवटी जिंकते कोण?

पोळा असो की दिवाळी, वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात पत्त्यांची बैठक नवी नाही. आता हीच बैठक मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. तीन पत्ती येणाऱ्याला ‘व्हिडिओ पोकर’ ओळखीचा वाटतो. पण इथे पानांचा क्रम वेगळा, हिशेब वेगळा आणि समोर माणसाऐवजी मशीन असते. कापसाचा चुकारा किंवा महिन्याचा पगार या खेळात लावण्याआधी तो समजून घ्यायला हवा.

व्हिडिओ पोकर म्हणजे काय?

अमेरिकेत १९७० च्या दशकात हा खेळ मशीनवर आला. पैसे लावले की पडद्यावर पाच पाने येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची. टाकलेल्या पानांच्या जागी एकदाच नवी पाने मिळतात. हाती आलेल्या पाच पानांवर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पैसे मिळतात. समोर प्रतिस्पर्धी नसल्याने तीन पत्तीसारखी ‘ब्लाइंड’ चाल किंवा हूल इथे चालत नाही.

पानांचा क्रम कसा ठरतो?

जी जुळणी दुर्मीळ, ती मोठी. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यात साधी सिक्वेन्स ७२० प्रकारे, तर कलर १,०९६ प्रकारे लागतो. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स मोठी. पाच पानांचे मात्र २५,९८,९६० प्रकार होतात. त्यात सिक्वेन्स, म्हणजे ‘स्ट्रेट’, १०,२०० प्रकारे आणि कलर, म्हणजे ‘फ्लश’, ५,१०८ प्रकारे लागतो. इथे कलर दुर्मीळ, म्हणून तो वरचढ.

‘जॅक्स ऑर बेटर’ या सर्वांत प्रचलित प्रकारातला क्रम आणि चांगल्या मशीनवर एका रुपयाला मिळणारा परतावा असा :

- रॉयल फ्लश (एकाच रंगाचे दश्शी ते एक्का) : ८००, तोही सर्वाधिक रक्कम लावली तरच
- स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची सिक्वेन्स) : ५०
- चार सारखी पाने : २५
- फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) : ९
- फ्लश : ६
- स्ट्रेट : ४
- तीन सारखी पाने : ३
- दोन जोड्या : २
- गुलाम, राणी, बादशहा किंवा एक्क्याची जोडी : १

शेवटच्या ओळीत लावलेला रुपयाच परत मिळतो. दश्शी किंवा त्याखालच्या जोडीला काहीच मिळत नाही.

कोणती पाने ठेवायची?

समजा हातात गुलामाची जोडी आहे आणि त्यातल्या एका गुलामासह बदामाची चार पाने आहेत. फ्लशच्या आशेने दुसरा गुलाम टाकायचा का? न दिसलेली पाने ४७, त्यांत बदामाची उरली ९. म्हणजे पाच वेळांत एकदाही नीट जमत नाही. जोडी ठेवली तर रुपयामागे सरासरी सुमारे दीड रुपया येतो, टाकली तर साधारण सव्वा. म्हणून जोडी ठेवायची. जोडी पंजाची असती, तर उलट ती मोडून फ्लशच्या मागे जाणे बरे. जोडीसोबत ‘असू द्या’ म्हणून सुटा एक्का धरून ठेवणे ही मात्र नेहमीची चूक. त्याने तीन नव्या पानांची संधी दोनवर येते.

हे सगळे जमले तर जिंकता येते का?

नाही. वरच्या तक्त्यावर एकही चूक न करता खेळले तरी दीर्घकाळात १०० रुपयांमागे ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. त्यातले सुमारे दोन रुपये एकट्या रॉयल फ्लशचे. तो साधारण ४० हजार डावांत एकदा लागतो. तोवर नुकसान अडीच टक्क्यांच्या घरात राहते.

मालकाने फुल हाउसचे ९ ऐवजी ८ आणि फ्लशचे ६ ऐवजी ५ केले, की परतावा ९७ रुपये ३० पैशांवर येतो. पडद्यावर बाकी काहीच बदललेले दिसत नाही. पाच रुपयांचा डाव, तासाला ६०० डाव धरले तर तीन हजार रुपये फिरतात. त्यातले सरासरी ८१ रुपये दर तासाला जातात, तेही बिनचूक खेळणाऱ्याचे. शिवाय अनोळखी अॅपमध्ये पाने खरोखर नीट पिसली जातात का, हे खेळणाऱ्याला तपासता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले, तीन पानांच्या फ्लशला मात्र नाही. राज्यात कॅसिनोसाठी १९७६ मध्ये कायदा झाला, पण तो अमलात आलाच नाही. तो रद्द करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. शेजारच्या गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत मशीनवरच्या जुगाराला वाट मिळाली.

‘यात डोके लागते, मग हा जुगार कसा?’ हा युक्तिवाद ऑनलाइन खेळासाठी आता उपयोगाचा नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या खेळांवर बंदीची तरतूद आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

फसवणूक झाली तर?

जिंकलेली रक्कम देण्यासाठी आधी ‘कर’ किंवा ‘फी’ मागितली, तर पैसे पाठवू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. आणि गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा डाव लावू नका. पाने दर वेळी नव्याने पिसली जातात, आधीच्या हरण्याचा हिशेब ती ठेवत नाहीत.