हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी

फुलोऱ्यातल्या हरभऱ्याचे रोप ढेकळासकट उकरून पाण्यात हलकेच धुतले, की मुळांवर गुलाबी-तपकिरी गाठी दिसतात. नखाने गाठ चिरली तर आतला गर लालसर असतो. हा लाल रंग म्हणजे गाठीचे काम चालू असल्याची खूण. तिथे रायझोबियम गटातले असंख्य जिवाणू हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणत असतात. कडधान्यानंतर घेतलेली ज्वारी किंवा गहू जोमाने येतो, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेल्या गुणाला मराठीत ‘बेवड’ असा नेमका शब्द आहे. कडधान्यांचा बेवड चांगला असण्यामागे या गाठींचा वाटा मोठा आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, तरीही पिके नत्राविना पिवळी पडतात. नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात आणि तो बंध तोडणे कोणत्याही वनस्पतीला किंवा प्राण्याला स्वतःहून जमत नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवताना कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. जिवाणू हेच काम शेताच्या मातीच्या तापमानाला करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते आणि त्यात लोह व मॉलिब्डेनम हे धातू असतात.

गाठी माणसाने फार पूर्वीच पाहिल्या होत्या. सतराव्या शतकात मार्चेल्लो माल्पिगी याने त्यांची चित्रे काढली, पण बराच काळ त्यांना रोगट वाढच समजले जाई. १८८६ मध्ये हर्मन हेलरिगेल आणि हर्मन विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी निर्जंतुक वाळूत ओट आणि वाटाणा वाढवून पाहिला. ओटची वाढ घातलेल्या नत्राच्या प्रमाणातच होई. वाटाण्याला मात्र शेतमातीचा थोडा अर्क दिला, की गाठी येत आणि नत्र न घालताही तो वाढे. दोनच वर्षांनी नेदरलँड्समध्ये मार्टिनुस बायेरिंक याने गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला.

या जिवाणूचे आयुष्य दोन ठिकाणी विभागलेले असते. पीक नसताना तो मातीच्या कणांना चिकटून उपासमारीत दिवस काढतो. तिथे तो सहसा नत्र बांधत नाही. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिळेल त्यावर जगतो, उन्हाळ्याची होरपळ सोसतो आणि त्याला खाणाऱ्या एकपेशीय जीवांपासून वाचतो. मुळाच्या अगदी जवळची काही मिलिमीटर माती मात्र वेगळीच असते. मुळांतून शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले पाझरत असल्यामुळे तिथे जिवाणूंची दाटी असते. १९०४ मध्ये लोरेन्झ हिल्टनर याने या पट्ट्याला ऱ्हायझोस्फिअर असे नाव दिले.

या दाटीतून आपला जोडीदार ओळखून काढणे हे रोपापुढचे अवघड काम असते. नत्राची चणचण असलेले मूळ फ्लॅव्होनॉइड गटातली रसायने सोडते. योग्य जिवाणूला ती जाणवली, की त्याची ठरावीक जनुके जागी होतात आणि तो ‘नॉड फॅक्टर’ नावाचा उलट संदेश पाठवतो. या रेणूचा कणा कायटिनच्या तुकड्याचा असतो आणि त्याला मेदाम्लाची शेपटी जोडलेली असते. कायटिन बुरशीच्या पेशीभित्तीतही असते आणि एरवी त्याचे तुकडे जाणवले तर वनस्पती शत्रू आल्याचे समजून सावध होते. इथे त्याच पदार्थावर केलेले बारीक फेरफार ओळखपत्राचे काम करतात. ते जिवाणूच्या जातीप्रमाणे बदलतात, म्हणूनच हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही.

ओळख पटल्यावर मुळावरचा केसासारखा बारीक तंतू आकड्यासारखा वळतो आणि जिवाणूंना कवेत घेतो. तिथून आत एक सूक्ष्म नळी तयार होत जाते आणि जिवाणू विभाजित होत त्या नळीतून मुळाच्या गाभ्याकडे सरकतात. तोपर्यंत तिथल्या पेशींनी विभाजन सुरू करून गाठीची जागा तयार केलेली असते. भुईमुगात अशी नळी नसते. उपमुळे फुटताना पडणाऱ्या फटींतूनच जिवाणू आत शिरतात.

गाठीत पोहोचल्यावर प्रत्येक जिवाणूभोवती रोपाच्याच पटलाचे वेष्टन येते आणि मग खरी अडचण उभी राहते. नत्राचा एक रेणू फोडायला पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे १६ रेणू खर्ची पडतात. एवढी ऊर्जा मिळवायला जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवा, पण तोच ऑक्सिजन नायट्रोजिनेजला निकामी करतो. यातून निघालेली वाट फार सुंदर आहे. गाठीच्या बाहेरचा थर ऑक्सिजनला अडवतो. आत रोप लेगहिमोग्लोबिन तयार करते. हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातले प्रथिन ऑक्सिजनला धरून ठेवते आणि जिवाणूंपर्यंत जपून पोहोचवते. त्यामुळे मोकळा ऑक्सिजन हवेशीर पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी राहतो, तरी श्वसन थांबत नाही. गाठ लाल दिसते ती या प्रथिनामुळे. १९३९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ हिदेओ कुबो याने ते ओळखले. आतून हिरवी किंवा करडी दिसणारी गाठ कामातून गेलेली असते.

रोप पानांत बनवलेल्या शर्करेपासून मॅलेटसारखी सेंद्रिय आम्ले जिवाणूंना पुरवते आणि त्यांच्याकडून अमोनिया घेते. हा व्यवहार सर्वत्र एकाच अटींवर होत नाही. वाटाणा आणि लसूणघास जिवाणूंवर प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा मारा करतात. जिवाणू फुगतात, त्यांचे विभाजन कायमचे थांबते आणि ते नत्र बांधण्यापुरते उरतात. गाठीतले न बदललेले थोडे भाईबंदच पुढे मातीत वंश चालवतात. सोयाबीनच्या गाठीतले जिवाणू मात्र पुन्हा विभाजित होऊ शकतात.

आयते खाऊन नत्र न देणाऱ्या जिवाणूलाही रोप सोडत नाही. २००३ मध्ये टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्या जागी आर्गॉन भरला. तिथले जिवाणू इच्छा असूनही नत्र देऊ शकणार नव्हते. रोपाने त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. सहजीवन म्हटले की गोड मैत्रीचे चित्र डोळ्यांसमोर येते. गाठीतले नाते मात्र सतत हिशेब तपासत टिकवलेले असते.

मातीतही हे नाते नव्याने जुळत असते. न्यूझीलंडमध्ये लोटस या चाऱ्याच्या पिकासाठी एका जातीचा जिवाणू बियाण्याबरोबर जमिनीत सोडला होता. काही वर्षांनी तिथल्या गाठींत स्थानिक जिवाणू सापडले. सोडलेल्या जिवाणूकडून डीएनएच्या सुमारे पाच लाख अक्षरांचा जनुकखंड सबंध उचलून ते या रोपाचे जोडीदार झाले होते.

सोयाबीन मूळचे पूर्व आशियातले असल्याने नव्या जमिनीत त्याचा जिवाणू बहुधा नसतो. भुईमूग, मूग, उडीद, चवळी यांना आपल्याकडच्या बहुतेक जमिनींत जोडीदार आयता मिळतो. सोयाबीनचे तसे नसल्याने ते पहिल्यांदा घेताना बीजप्रक्रियेला फार महत्त्व आहे. साधारण दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू खत गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळतात आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरतात. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू खत शेवटी. पाकीट उन्हात तापले, तर आतले जिवाणू पेरणीआधीच मरतात. पिकाला युरियाचा भरपूर हात दिला तरी गाठी कमी येतात. मातीतून नत्र सहज मिळत असताना रोप जिवाणूंना पोसण्याचा खर्च टाळते.

बेवडाचा गुण प्रत्येक कडधान्यात सारखा नसतो. बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांतल्या प्रथिनांत जातो. भरघोस उतारा देणारे सोयाबीन काढून काडही शेताबाहेर नेले, तर जमिनीला फारसे काही उरत नाही. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात गाडला तर जवळपास सगळा नत्र जमिनीतच राहतो. दाणे भरू लागले की गाठींकडे येणारे अन्न आटते, लाल गर हिरवट होत तपकिरी पडतो आणि गाठ कुजून फुटते. तिच्यातला नत्र हळूहळू पुढच्या पिकाला मिळतो आणि जगले-वाचलेले जिवाणू पुन्हा मातीच्या कणांना जाऊन चिकटतात.