लाईट गेली तरी वेळ चुकू नये : नमाजचं घड्याळ, आर्डुइनो आणि आरटीसी

रमजानमध्ये सेहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घरोघरी एकच प्रश्न असतो : नेमके किती वाजले? मोबाईलवर एक वेळ, भिंतीवरच्या घड्याळात दुसरी, मशिदीच्या लाल आकड्यांच्या डिजिटल बोर्डवर तिसरी. टाइमटेबल छापील आहे, उलेमांनी तपासलेलं आहे. पण ते कोणत्या घड्याळाशी लावून बघायचं? दोन मिनिटांची चूक एरवी कुणी मोजत नाही. सेहरी संपताना आणि इफ्तारच्या वेळी मात्र तोच रोज्याचा सवाल होतो.

आपल्या शाळांमधली मुलं आता आर्डुइनो बोर्ड हाताळू लागली आहेत. २०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅबची योजना आली आणि सहावी ते बारावीच्या मुलांपर्यंत असे बोर्ड पोहोचले. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘नमाजचं घड्याळ’ हा प्रोजेक्ट मुलांना आवडतो. टेबलावर तो छान चालतो, पण दुसऱ्या दिवशी वेळ चुकलेली असते. दोष मुलांच्या प्रोग्रामचा असेलच असं नाही. बहुतेक वेळा एक छोटा भाग कमी पडलेला असतो. त्याचं नाव आरटीसी, म्हणजे रिअल टाइम क्लॉक.

बोर्ड वेळ का विसरतो?

आर्डुइनो उनोला ‘आत्ता किती वाजले’ हे माहीतच नसतं. चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, एवढंच तो मोजतो. लाईट गेली आणि परत आली, की मोजणी पुन्हा शून्यापासून. खान्देशात उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते, ते वेगळं सांगायला नको.

शिवाय ही मोजणीही फार काटेकोर नसते. उनोच्या मुख्य चिपला ठोके देणारा भाग साधा सिरॅमिकचा असतो. त्यात हजारात एक एवढीच चूक धरली तरी दिवसाला ८६ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे चार दिवसांत जवळपास सहा मिनिटं. अशा घड्याळावर इफ्तार करता येणार नाही.

आरटीसी मॉड्यूलमध्ये क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे : त्याला पंधरा वेळा निम्मं करा, बरोबर १ उरतो. चिप हेच करते आणि दर सेकंदाला एक ठोका मिळतो. त्यावरून ती मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष सांभाळते. लीप वर्षही तिला कळतं. सोबत बटणासारखा एक सेल असतो. लाईट गेली की चिप त्या सेलवर चालत राहते आणि एक सेल काही वर्षं पुरतो.

जळगावच्या उन्हात कोणता घ्यायचा?

बाजारात दोन मॉड्यूल जास्त मिळतात : डीएस-१३०७ आणि डीएस-३२३१. पहिलं स्वस्त आहे, पण आपल्या भागासाठी दुसरंच घ्यावं. त्याचं कारण हवामान.

क्वार्ट्झचा हा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत बरोबर चालतो. त्यापेक्षा गरम झाला तरी मंदावतो आणि थंड झाला तरी मंदावतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या तापमानाला साधा स्फटिक दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतो. महिन्याचे झाले पस्तीस सेकंद. पत्र्याच्या छताखाली बोर्ड असेल तर आणखी जास्त. थंडीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली येतो, तेव्हाही तो मागेच पडणार. त्यात स्फटिकाची मुळातली थोडी चूक असते, ती वेगळी. डीएस-१३०७ या सगळ्यावर काही करत नाही.

डीएस-३२३१ मात्र स्वतःचं तापमान मोजते आणि त्याप्रमाणे आपली चाल सुधारते. कंपनीच्या माहितीनुसार ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत २ पेक्षा जास्त नसते, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. त्यापलीकडच्या उष्णतेतही ती वर्षाला दोन मिनिटांच्या आत राहते. चिपच्या नावाशेवटी ‘एम’ असेल तर ती थोडी कमी अचूक जात आहे, वर्षाला अडीच मिनिटांपर्यंत. घेताना चिपवरचं नाव वाचून घ्या.

जोडणी सोपी, सेलची काळजी मोठी

उनोला चार वायर जोडायच्या. मॉड्यूलचा व्हीसीसी पाच व्होल्टला, जीएनडी जीएनडीला, एसडीए ए-४ ला आणि एससीएल ए-५ ला. प्रोग्रामसाठी आरटीसीलिब नावाची तयार लायब्ररी मोफत मिळते. त्यातल्या नमुन्यावरून आठवीचा मुलगा किंवा मुलगी अर्ध्या तासात स्क्रीनवर वेळ आणू शकते.

पण एक गोष्ट पालकांनी स्वतः बघावी. डीएस-३२३१ च्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी जोडणी असते. ती चार्ज होणाऱ्या एलआयआर-२०३२ सेलसाठी दिलेली आहे. आपल्या दुकानांत सहज मिळतो तो सीआर-२०३२ आणि तो चार्ज करायचा नसतो. तो तसाच बसवून बोर्ड महिनोन्‌महिने चालू ठेवला तर सेल फुगू शकतो, गळू शकतो. उपाय साधा आहे : डायोडजवळचा ‘२०१’ लिहिलेला बारीक रेझिस्टर मोबाईल रिपेअरवाल्याकडून काढून घ्या, मग सीआर-२०३२ बसवा. घड्याळ व्यवस्थित चालतं. आणि हे बटण-सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

वेळ एकदाच लावायची

इथे बहुतेक मुलं अडकतात. नमुना प्रोग्राममध्ये वेळ लावणारी एक ओळ असते. ती कॉम्प्युटरवर प्रोग्राम तयार झाला त्या क्षणाची वेळ चिपमध्ये भरते. ती ओळ तशीच राहिली तर प्रत्येक वेळी लाईट आल्यावर घड्याळ त्याच जुन्या क्षणावर परत जातं. म्हणून एकदा वेळ लावली की ती ओळ काढून प्रोग्राम पुन्हा टाकायचा. प्रोग्राम बोर्डात जाईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढं घड्याळ मागे राहतं. ते सेकंद मिळवून घ्यायचे.

ज्याच्याशी वेळ लावायची ते घड्याळही बरोबर हवं. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. तिच्या वेबसाइटवरची वेळ किंवा नेटवर्कवरून आपोआप वेळ घेणारा मोबाईल, यांच्याशी मिळवा.

जळगावचं टाइमटेबल धुळ्यात चालत नाही

घड्याळ बरोबर झालं म्हणजे नमाजची वेळ बरोबर झाली, असं नाही. घड्याळ देशभर एक आहे, सूर्य प्रत्येक गावाचा वेगळा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची. जळगाव साधारण ७५.५६ अंशांवर, धुळे ७४.७७ वर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणून जळगावात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २८ मिनिटांनी आणि धुळ्यात त्यानंतर सुमारे तीन मिनिटांनी. भुसावळ आणि नंदुरबार यांच्यात तर सहा मिनिटांचा फरक आहे. जळगावच्या टाइमटेबलवर धुळ्यात इफ्तार केला तर सूर्य अजून मावळलेला नसेल.

म्हणून प्रोग्राममध्ये आपल्या गावाचंच दायमी टाइमटेबल भरा. निळ्या मॉड्यूलवर आणखी एक छोटी चिप असते, तिच्यात ४,०९६ बाइट मावतात. ३६६ दिवस, रोज पाच वेळा, प्रत्येकीला दोन बाइट : झाले ३,६६०. वर्षाचं सगळं टाइमटेबल त्यात बसतं. कोणतं टाइमटेबल घ्यायचं आणि एहतियातची किती मिनिटं ठेवायची, हे मात्र इमाम साहेबांना विचारूनच ठरवा. ते काम चिपचं नाही.

हिजरी तारखेचंही तेच. आरटीसीला इंग्रजी तारीख कळते, चांद दिसला की नाही ते कळत नाही. प्रोग्राम हिजरी तारखेचा हिशोब करू शकतो, पण महिना २९ चा की ३० चा हे रुयत-ए-हिलालवर ठरतं. म्हणून घड्याळाला तारीख एक दिवस पुढे-मागे करणारं बटण हवंच.

मुवक्कितचं काम

जुन्या काळी मोठ्या मशिदींत नमाजच्या वेळा सांभाळायला खास माणूस असे, त्याला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकातले मोठे खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर दमिश्कच्या उमय्यद मशिदीत हेच काम करत. मशिदीच्या मिनारासाठी त्यांनी सूर्यघड्याळही बनवलं होतं. म्हणजे वेळेचं विज्ञान मशिदीला नवीन नाही.

आज हे काम मोहल्ल्यातली मुलं-मुली करू शकतात. दर जुम्याला मशिदीचं घड्याळ प्रमाणवेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक पडला ते वहीत लिहायचं. घरी बनवलेलं घड्याळही तसंच तपासायचं. सहा महिन्यांनी त्या वहीतून उन्हाळा-हिवाळ्याचा परिणाम दिसेल आणि विज्ञान प्रदर्शनासाठी खरे, स्वतः मोजलेले आकडे मिळतील. घरचं घड्याळ किमान दोन महिने असं तपासल्याशिवाय त्याच्यावर सेहरी-इफ्तार करू नये. मुतवल्ली आणि ट्रस्टींनीही मुलांची ती वही एकदा जरूर बघावी. मशिदीचा बोर्ड मागे पडत असेल तर ते रमजानच्या आधीच कळेल, इन्शाअल्लाह.