कब्रस्तानचा डिजिटल नकाशा जमिनीवर नीट बसतो का?

मोजणीवाल्याने पेनड्राइव्हमध्ये फाइल दिली, रंगीत प्रिंट काढून मशिदीच्या ऑफिसात लावली, की बहुतेक जमातींना वाटतं काम झालं. कंपाउंडची भिंत, वजूखाना, कबरींच्या रांगा, सगळं दिसतं. पण ती रेघ पृथ्वीवर नक्की कुठे पडते, हे कुणी विचारत नाही. वक्फ मिळकतींची माहिती आता ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या उमीद पोर्टलवर भरायची आहे आणि त्यात जिओ-टॅगिंगही आहे. जागा चुकीची चढली आणि उद्या शेजारच्या शेतकऱ्याशी हद्दीचा वाद निघाला, तर आपलाच कागद आपल्याविरुद्ध दाखवला जाईल.

एक हिशोब बघा. वीस गुंठ्यांचं चौकोनी कब्रस्तान म्हणजे एकेक बाजू साधारण ४५ मीटर. नकाशा फक्त चार मीटर पूर्वेला सरकला, तरी एका बाजूची १८० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठे जागा रेघेबाहेर गेली. त्यात किती मय्यती दफन असतील?

सगळ्यात आधी आकडे वाचा. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५.६ ते २२ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ असतात. हे दोन आकडे उलटे टाकले, तर छत्रपती संभाजीनगरची मशीद नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाते. ही चूक निदान लगेच दिसते तरी.

मोजणीच्या ड्रॉइंगमध्ये मात्र बहुतेक वेळा अंश नसतात, यूटीएम पद्धतीचे मीटर असतात. त्यात पूर्वेचा आकडा सहा अंकी आणि उत्तरेचा सात अंकी, आपल्या राज्यात सतरा लाखांपासून साडेचोवीस लाखांपर्यंत. आकडे यापेक्षा हजारपट मोठे दिसले, तर ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे असं समजा. आणि ०, ० पासून सुरू होत असेल, तर ते नुसतं चित्र आहे, त्याला पत्ताच नाही.

विदर्भातल्या भावांनी इथे जास्त सावध राहावं. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएमचा ४३ नंबरचा झोन, पूर्वेला ४४. मुंबई, पुणे, अमरावती ४३ मध्ये. नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ मध्ये. नागपूरचं ड्रॉइंग कुणी ४३ लावून उघडलं, तर ते बरोबर सहा अंश पश्चिमेला, म्हणजे गुजरातमध्ये बारडोलीच्या आसपास उतरतं. फाइल देणाऱ्याला सरळ विचारा: झोन कुठला, डेटम कुठला? जुने टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. डेटम न बदलता दोन्ही एकमेकांवर ठेवले, तर आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो.

आता खरी मेख. जुना कागदी नकाशा स्कॅन करून बसवला असेल, तर मोजणीवाला म्हणतो, "एरर शून्य आहे, साहेब." शून्य ऐकून खूश होऊ नका. साध्या अफाइन पद्धतीत तीन खुणा दिल्या की नकाशा त्या तीन खुणांवर तंतोतंत बसतोच, खुणा चुकीच्या असल्या तरी! दर्जीने तुमच्या मापाऐवजी शिवलेल्या कपड्याचंच माप घेतलं आणि म्हणाला बरोबर आहे, तसं हे झालं. खरी तपासणी बसवताना न वापरलेल्या खुणांवर होते. किमान चार-पाच तरी घ्या: विहिरीचा काठ, जुना हद्दीचा दगड, मशिदीच्या पायाचा कोपरा. सगळ्या गेटजवळच्या नकोत, लांबच्या कोपऱ्यांतल्याही हव्यात. कागद कडेलाच जास्त ताणलेला किंवा आकसलेला असतो.

त्या खुणांवर आकडे घ्यायचे कशाने? मोबाइल उघड्या मैदानात तीन ते पाच मीटरपर्यंत चुकतो, चिंचेखाली त्याहून जास्त. म्हणजे तो मोठी चूक पकडेल, हद्द ठरवणार नाही. गूगलच्या उपग्रह-चित्राचंही तेच, ते स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. सेंटिमीटरची खात्री हवी असेल तर करेक्शन घेणारा रोव्हर लागतो. अंशांत लिहिताना दशांशानंतर किमान पाच, जमल्यास सहा अंक ठेवा. चारच ठेवले तर अकरा मीटरचा घोळ.

टेपही विसरू नका. दोन लांबच्या खुणांमधलं अंतर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असं दोन्हीकडे मोजा. एकीकडे जुळलं, दुसरीकडे नाही, तर नकाशा ओढला गेलाय. सात-बाराच्या क्षेत्रफळाशी मेळ बसला म्हणून जागाही बरोबर, असं नसतं. फिरलेल्या किंवा सरकलेल्या नकाशाचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. नकाशा फिरलाय का हे बघायला आपल्याकडे एक सोपी सोय आहे: मशिदीच्या मेहराबची भिंत. ती चित्रात एका कोनात आणि ड्रॉइंगमध्ये दुसऱ्या कोनात दिसली, की समजून जा.

हे सगळं करूनही नकाशा भूमी अभिलेखच्या मोजणीची जागा घेत नाही. क-प्रत हातात असेल तर तिच्यावरची मापं ड्रॉइंगशी एकेक करून ताडून बघा. आणि खुणा शोधायला जाताना मोहल्ल्यातल्या एखाद्या बुजुर्ग चाचांना सोबत न्या. बाभळीखाली गाडलेला दगड बऱ्याचदा त्यांनाच माहीत असतो.