कॉफीचं यंत्र घेताना

भिगवण परिसरात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना घरी उतरवत असाल, तर एस्प्रेसो, कापुचिनो आणि गरम पाणी देणारं एकच यंत्र सोयीचं. घेण्यापूर्वी एवढं पाहा :

● वीज : १,४०० वॅटच्या पुढच्या यंत्राला १६ अँपिअरचा पॉइंट हवाच. घरच्या लहान इन्व्हर्टरवर ते चालवू नका.

● दाब : एस्प्रेसोला ९ बार पुरतात. खोक्यावरचे १५ बार ही पंपाची कमाल क्षमता.

● पाणी : बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात. ते काढण्याची सोय हवी.

● दूध : वाफेची नळी असावी. फेस झाला की ती लगेच ओल्या फडक्याने पुसावी.

● खर्च : कॅप्सूल झटपट, पण दर कप महाग. वर्दळ असेल तर पावडरचं यंत्रच परवडतं.

● दुरुस्ती : सर्व्हिस बारामतीत मिळेल की पुण्याला न्यावं लागेल, हे आधीच विचारा.