कॅनव्हासचा साधा बूट का टिकला?

बऱ्हाणपूर हे कापडाचे गाव. उभ्या-आडव्या धाग्याचे गणित येथील यंत्रमागांवर रोज मांडले जाते. त्याच साध्या गणिताने विणलेल्या जाड सुती कापडाला कॅनव्हास म्हणतात. या कापडाच्या एका बुटाने अनेक देशांतील तरुणांना वेड लावले आहे. व्हॅन्स कंपनीचा ‘ऑथेंटिक’ हा तो बूट. कापड, नाडी आणि रबराचा सपाट तळ, एवढाच त्याचा संसार.

१६ मार्च १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे पॉल व्हॅन डोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कंपनीचे पहिले दुकान उघडले. तेव्हा हा बूट ‘क्रमांक ४४’ म्हणून ओळखला जाई आणि तो स्केटबोर्डसाठी बनवलेलाही नव्हता. १९७०च्या दशकात स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलांनीच त्याला आपलेसे केले.

याचे कारण खेळातच आहे. स्केटबोर्डची फळी पायाला बांधलेली नसते. तळव्याचा दाब बदलून ती वळवावी लागते. बुटाचा तळ जाड असेल, तर फळीची हालचाल पायाला नीट जाणवत नाही. या बुटाचा तळ पातळ आणि खाचांचा असल्याने तो फळीला घट्ट धरतो. गंधकमिश्रित रबर भट्टीत तापवून, म्हणजेच व्हल्कनायझेशनने, तळ व कापड एकजीव केले जातात. त्यामुळे बूट सहज वाकतो.

उणिवाही आहेत. फळीवरील खरखरीत आवरणाने कॅनव्हास लवकर झिजतो, तोही बहुधा एकाच पायाचा. म्हणून पूर्वी या दुकानांत सुटा एकच बूटही मिळे. टाचेला आधार कमी पडतो, हे ओळखून १९७६ मध्ये टोनी अल्वा व स्टेसी पेराल्टा या खेळाडूंच्या सल्ल्याने घोट्याभोवती मऊ कड असलेला ‘एरा’ हा बूट निघाला.

मात्र खेळ बुटावर अडत नाही. मध्य प्रदेशातीलच पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ मध्ये जर्मनीच्या उल्रिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने स्केटपार्क उभे राहिले. तेथील मुले अनवाणीही फळीवर चढली. ‘शाळा नाही, तर स्केटबोर्ड नाही’ आणि ‘मुली आधी’ हे तेथले नियम. याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली.

पाय आणि फळी यांच्यामध्ये कमीत कमी येणे, हाच या बुटाचा गुण. केवळ नावासाठी चढी किंमत मोजणाऱ्याने तो आधी हातात घेऊन वाकवून पाहावा.