निष्काम कर्म आणि घरचा हिशेब

'साधी राहणी, उच्च विचारसरणी' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर न वाचलेला विद्यार्थी पुण्यात सापडणे कठीण. भिंतीवरच्या वाक्यांत एक उणीव असते. ते आचरताना कोणाला काय सोसावे लागले, हे ती सांगत नाहीत. या आदर्शाचा जमाखर्च ज्यात तपासता येतो असे एक उदाहरण आपल्याच गावात घडून गेले आहे. ते म्हणजे अण्णासाहेब कर्वे यांनी १९०८ साली स्थापन केलेला 'निष्काम कर्म मठ'.

मठ म्हटले की भगवी वस्त्रे, गादी आणि शिष्यपरंपरा डोळ्यांसमोर येते. या मठात त्यांतले काही नव्हते. होती ती गीतेच्या तिसऱ्या अध्यायातली कल्पना. कर्म सोडायचे नाही, त्याच्या फळाची आसक्ती सोडायची, आणि ज्ञानी माणसानेही लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहायचे, ही ती कल्पना. मठ निघाला त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. टिळकांनी कर्मयोग ग्रंथाने सिद्ध केला. अण्णांनी त्याआधीच तो सेवेच्या अटींत उतरवला होता, असे म्हणायला हरकत नाही.

याची पूर्वपीठिकाही पुण्यातलीच. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या (स्थापना १८८४) आजीव सदस्यांनी पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे शिकवायचे, असा दंडक होता. त्यामागे जेझुइट धर्मोपदेशकांचे उदाहरण होते. सदस्यांनी बाहेरची प्राप्ती करावी की नाही, या प्रश्नावर वाद विकोपाला गेला, आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले त्यामागचे ते एक प्रमुख कारण होते. त्यानंतर १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे. त्यागाच्या अटींवरून मोकळ्या झालेल्या जागेवर कर्वे यावेत, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

१८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. आजचे कर्वेनगर ते हेच. त्या वेळी मात्र तिथे धड रस्ता नव्हता. दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी चारेक मैल चिखल तुडवीत आश्रमात जायचे, असा अण्णांचा क्रम होता. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. आता प्रश्न माणसांचा होता. पगारावर माणसे ठेवायला पैसा नव्हता, आणि केवळ पगारासाठी आलेले माणूस अशा कामात टिकेल याची खात्री नव्हती. म्हणून मठ काढावा लागला. सदस्याने आपले आयुष्य कामाला द्यायचे, संस्थेने त्याचा निर्वाह चालवायचा आणि स्वतःसाठी वेगळे काही साठवायचे नाही, ही त्याची रीत. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निष्काम म्हणजे फुकट नव्हे. उपाशी कार्यकर्ता फार दिवस निरपेक्ष राहत नाही, हे गणिताच्या प्राध्यापकाला कळत होते.

इथवरची कथा भाषणांतून आपण ऐकतो. तिची दुसरी बाजू मात्र बाया कर्वे यांच्या 'माझे पुराण' या १९४४ सालच्या आत्मचरित्रात आहे. बाया म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. १८९३ मध्ये अण्णांनी या विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांचा बहिष्कार ओढवून घेतला. आश्रमाला लोकाश्रय हवा, तर त्याचा पुनर्विवाहाशी संबंध दिसता कामा नये, असे अण्णांचे धोरण होते. आणि घरातली पत्नी तर पुनर्विवाहिताच! ज्या कामासाठी घर झिजत होते, त्या कामापासून बायांना अंतर राखावे लागले. अण्णांनी आपली पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा मुलांचे पुढे काय, हा प्रश्न आईने विचारावा यात नवल ते काय? बायांनी सुईणीचे शिक्षण घेतले, ते घरखर्चाला स्वतःचा हातभार लावता यावा म्हणून.

मग निष्काम कोण? पॉलिसी अण्णांची, ती देण्याचा निर्णयही त्यांचाच. पण तिचा आधार ज्यांना होता त्यांचे मत कोणी घेतले नव्हते. संन्याशाचा प्रश्न सोपा असतो, तो घर सोडून जातो. गृहस्थाने अपरिग्रह पाळायचा ठरवला तर घरातल्या प्रत्येकाला तो पाळावा लागतो, त्याने व्रत घेतलेले असो वा नसो. गीतेवरच्या आपल्या व्याख्यानांत हा मुद्दा सहसा येत नाही. (व्याख्याते बहुधा पुरुष असतात, हेही एक कारण असेल!) अण्णांचे मोठेपण याने उणे होत नाही. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा त्या सन्मानात कोणाला काही जास्त झाले असे वाटले नसेल. बाया मात्र १९५० मध्येच गेल्या होत्या.

आपल्यापैकी अनेकजण एन. एस. एस.च्या शिबिराला जातात, पुढे कोणी सामाजिक कामातही पडतील. त्यांना माझी एवढीच सूचना आहे, की अण्णांचे 'आत्मवृत्त' (१९१५) ग्रंथालयातून घेताना 'माझे पुराण'ही सोबत घ्यावे. त्यातही मुलांच्या आणि पैशांच्या हकिकती आधी वाचाव्यात.