वस्तीची गाडी आणि विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाचा रोज ये-जा करणारा विद्यार्थी म्हटला की लोकलच्या दारात लोंबकळणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. त्याच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पण या विद्यापीठाची हद्द दक्षिणेला थेट सिंधुदुर्गापर्यंत जाते आणि तिच्यात महाड आणि पोलादपूर हे तालुकेही येतात. विद्यापीठाचं कलिना संकुल इथून दीडशेहून अधिक किलोमीटर. इथल्या बहुतेकांना विद्यापीठ भेटतं ते महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात. कोकण रेल्वेचं वीर स्टेशन 1993 पासून आहे, पण ते महाड शहराबाहेर. पोलादपूर तालुक्यात तर रेल्वे नाहीच. म्हणजे उरली एसटी. मला बरीच वर्षं एका गोष्टीनं धरून ठेवलं आहे: सावित्री नदीच्या या खोऱ्यात कोण शिकणार हे प्रवेशाच्या यादीइतकंच एसटीच्या वेळापत्रकानं ठरतं, आणि तरीही शिक्षणाचा विचार करणारे प्रवेश मिळाला की आपलं काम झालं असं धरून चालतात.

प्रवेश मिळणं आणि शिकता येणं यांतलं अंतर महाडनं फार पूर्वी पाहिलं आहे. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म 1903 सालचा, महाडजवळच्या लाडवलीतला. पुढे ते कम्युनिस्ट कार्यकर्ते म्हणून ओळखले गेले. त्यांचं आत्मकथन अपुरं राहिलं, मुलगा सत्येंद्र मोरे यांनी ते पुढे नेलं आणि 2019 मध्ये ते इंग्रजीतही आलं. त्यातला शाळाप्रवेशाचा भाग प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्यानं वाचावा असा आहे. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या अस्पृश्य मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेनं नाकारलं. कारण पुढे केलं ते जागेच्या मालकाच्या विरोधाचं. मुलानं हार मानली नाही, तक्रारीचं पत्र लिहिलं. ते छापून आलं, सरकारी अनुदानाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कुठे दार उघडलं. पण वर्गात त्याला इतरांपासून वेगळं बसवलं गेलं. सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळा आणि पाणवठे सर्वांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात यायला 1923 उजाडलं.

मोरे यांनीच पुढे अस्पृश्यांच्या महाडच्या परिषदेसाठी जिवाचं रान केलं. त्या परिषदेतून निघालेला 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण समतेचा संग्राम म्हणून ओळखतो आणि तो तसाच होता. मात्र त्याच्या मुळाशी एक रोजची गरज होती, ती विसरली जाते. महाड हे बाजाराचं आणि कचेऱ्यांचं गाव. आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य कामाला सकाळी येत, संध्याकाळी परतत, आणि मधल्या वेळेत त्यांना प्यायला पाणी नसे. त्यासाठी गावात त्यांच्यातल्याच एकाचं चहाचं दुकान निघालं, त्यामागेही मोरे यांची खटपट होती. जिथे माणूस दिवसभर राहतो तिथे त्याच्या दिवसाची सोय हवी, हे त्यांनी ओळखलं होतं.

आजच्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. आडगावाला संध्याकाळी गाडी जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी खाली येते. ती वस्तीची गाडी. उमरठ, कुडपण, वाळण किंवा शिवथरकडच्या पोरांची मदार अशाच मोजक्या फेऱ्यांवर. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत, त्यानंतर मुलगा असो वा मुलगी, भाड्याच्या साधारण एक तृतीयांशात पास मिळतो. ही सवलत मोलाची आहे, पण गाडीच नसेल तर पास घेऊन काय करायचं? गाडी लवकर आली तर पहिल्या तासापर्यंत स्टँडवर बसायचं, आणि दुपारचं प्रॅक्टिकल लांबलं तर परतीची गाडी गेलेली. बिरवाडीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, म्हणून रसायनशास्त्र घ्यावं असं मुलीला वाटतं, आणि शेवटची गाडी तिला कला शाखेकडे वळवते. विद्यापीठ पंचाहत्तर टक्के हजेरी मागतं, त्या नियमाला दरड आणि पूर ठाऊक नाहीत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटींसह वाहून गेला. 22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला राज्यातली कॉलेजं उघडली, आणि लगोलग एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कॉलेज उघडं आणि रस्ता बंद, असं ते वर्ष गेलं.

कोणी म्हणेल, मुलांनी मुंबईला जावं. पोलादपूरचा चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या जातोच आहे. खरं आहे, पण मुंबईतल्या गावकीच्या खोल्या गिरणीत पाळीनं राबणाऱ्या पुरुषांसाठी होत्या. अठरा वर्षांच्या मुलीला त्या कधीच खुल्या नव्हत्या. दूरशिक्षणाचा पर्याय आहे, तो प्रयोगशाळेच्या दाराशी अडतो. सर्वांत वजनदार आक्षेप एसटीचा: तोट्यातलं महामंडळ कॉलेजासाठी गाड्या कुठून सोडणार? तो मला मान्य आहे, म्हणूनच मागणी आधी कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे जाते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्यानं नोकरी सोडावी अशी अपेक्षा केली नाही, तासिका हलवल्या. महाडचं कॉलेज याच सोसायटीनं 1961 मध्ये काढलं. म्हणजे हा वारसा इथे घरचाच आहे. सत्राच्या आधी आगारप्रमुख आणि प्राचार्य यांनी एका टेबलाशी बसून प्रॅक्टिकलच्या तुकड्या गावांच्या दिशेनुसार पाडाव्यात. विन्हेऱ्याकडची पोरं एका दिवशी, कापड्याकडची दुसऱ्या दिवशी. गाडी रद्द झाल्याची आगाराची नोंद हजेरीसाठी ग्राह्य धरावी. यासाठी एकही जादा गाडी लागत नाही. लागते ती विद्यापीठाची एका ओळीची परवानगी, आणि ती मागायला जूनपर्यंत थांबू नये, कारण पावसाळा तेव्हाच लागतो.